गॅमा किरणांचा हिशोब लागत नाही, त्यातून म्हणे रिकाम्या अवकाशातलं चुंबकत्व सापडतं

अव्या_चेंबूर (धागाकर्ता)

मंडळी, विज्ञान विभागात बरेच दिवस नुसतं कुठला एसी घ्यावा आणि कुठला फोन घ्यावा चाललंय म्हणून हा धागा काढतोय. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, बँकेत कर्ज खात्यात आहे, पण घराजवळ अणुशक्तीनगर असल्याने त्या बाजूच्या बातम्यांकडे लक्ष जातं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बीएआरसीच्या मेस या गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणीचं लडाखात हानलेला उद्घाटन झालं तेव्हापासून गॅमा किरणांवर वाचतोय आणि त्यात ही एक भानगड सापडली जी मला जाम आवडली.

तर विषय असा. दीर्घिकांच्या आत चुंबकीय क्षेत्र असतं हे जुनं झालं, आपल्या आकाशगंगेत ते काही मायक्रोगॉस आहे म्हणजे गॉसचे काही दहा लाखावे भाग, आणि मुंबईत होकायंत्र हातात धरलंत तर ते हलवणारं पृथ्वीचं क्षेत्र साधारण ०.४ गॉस. पण दीर्घिकांच्या मधे, जिथे कोट्यवधी प्रकाशवर्षं काहीच नाही, घनमीटरला सरासरी एक अणूसुद्धा भरत नाही, तिथे चुंबकीय क्षेत्र आहे का? असलं तर किती आणि ते तिथे कोणी नेऊन ठेवलं? रेडिओवाले लोक ध्रुवीकृत लहरींची दिशा वाटेत किती फिरली त्यावरून क्षेत्र मोजतात पण त्यासाठी वाटेत इलेक्ट्रॉन लागतात आणि पोकळीत नेमका त्यांचाच दुष्काळ, त्यामुळे त्यातून फक्त वरची मर्यादा मिळते की बाबा नॅनोगॉसच्या (गॉसचा अब्जावा भाग) आसपास, यापेक्षा जास्त नाही. प्लँक उपग्रहाने महास्फोटानंतरच्या प्रकाशाचा, म्हणजे सीएमबीचा, नकाशा काढला तोही साधारण तिथेच येऊन थांबतो. खाली मात्र काही अडसरच नव्हता, सपशेल शून्य असलं तरी चालत होतं.

मग २०१० मध्ये नेरोनोव्ह आणि वोव्क या जोडीने 'सायन्स' मध्ये पेपर छापला की नाही, शून्य नाहीये, निदान ३ गुणिले १० चा उणे १६ वा घात इतके गॉस तरी पाहिजेच. म्हणजे दशांश चिन्हानंतर १५ शून्यं आणि मग ३. आणि हे त्यांनी काढलं कशावरून, तर जो प्रकाश दिसायला हवा होता तो दिसला नाही यावरून!

कसं ते सांगतो. ब्लेझार म्हणजे अशी दीर्घिका जिच्या मधल्या राक्षसी कृष्णविवरातून निघालेला झोत बरोब्बर आपल्याकडे रोखलेला आहे. त्यातून टीईव्ही ऊर्जेचे गॅमा फोटॉन निघतात, एक टीईव्ही म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनच्या साधारण ५० हजार कोटी पट. असा फोटॉन आपल्याकडे येताना वाटेत इन्फ्रारेडच्या फोटॉनला धडकतो (आजवर पेटलेल्या सगळ्या ताऱ्यांचा आणि त्यांनी तापवलेल्या धुळीचा उजेड अवकाशात भरून राहिलेला आहे, तोच हा) आणि दोघांची मिळून एक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी होते (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच उलट भाराचा जुळा). ही जोडी मग सीएमबीच्या थंडगार फोटॉनना टोले मारत सुटते, ते फोटॉन दर घनसेंटीमीटरला ४११ पडलेत त्यामुळे गिऱ्हाइकांची कमी नाही, आणि टोला खाल्लेला फोटॉन जीईव्हीच्या (टीईव्हीचा हजारावा भाग) घरात जातो. मूळचा १ टीईव्हीचा असेल तर नंतरचे साधारण ०.८ जीईव्हीचे, मूळचा १० टीईव्हीचा असेल तर ८० जीईव्हीचे, वर्गाने वाढतं.

थोडक्यात पाचशेची नोट मोडली की सुट्टे यायलाच पाहिजेत. टीईव्हीची नोट वाटेत किती मोडली असेल हे आपल्याला काढता येतं, तर जीईव्हीचे सुट्टे फर्मी उपग्रहाच्या गल्ल्यात पडायला हवेत, तो २००८ पासून वर फिरतोय. आणि काही ब्लेझारांच्या बाबतीत ते पडतच नाहीत, किंवा फार कमी पडतात. नेरोनोव्ह-वोव्क म्हणतात, वाटेत सुट्टे सांडले, म्हणजे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळले, त्यांनी टोलवलेला प्रकाश भलतीकडे गेला किंवा इतक्या वळणाने येतोय की अजून पोचला नाही. ज्यांचा नेहमी उल्लेख येतो त्यातला एक ब्लेझार म्हणजे वन-ईएस ०२२९+२००, मेष राशीच्या दिशेला, तिथून निघालेला प्रकाश पावणेदोनशे कोटी वर्षं चालून येतो.

जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तर कान धरावा.

शेवटची_कर्जत

पहिला! निम्मं डोक्यावरून गेलं तरी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली.

मीनल_ठाणे

छान लिहिलंय. नववी-दहावीला विज्ञान शिकवते त्यामुळे मुलं विचारतील तो प्रश्न आधी मीच विचारते, प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होत नाही असं आपण शिकवतो, मग गॅमा किरण वळतात कसे?

अव्या_चेंबूर

@मीनलताई, गॅमा किरण वळतच नाहीत, तुमचं शिकवणं बरोबर आहे. वळते ती मधली जोडी, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन, कारण त्यांच्यावर विद्युतभार आहे. म्हणजे प्रकाश मग भारित कण मग परत प्रकाश असा प्रवास आहे आणि चुंबकाला हात घालायला फक्त मधला टप्पा मिळतो.

गिरगावकर_काका

अरे पण अव्या, इलेक्ट्रॉन एकीकडे वळणार आणि पॉझिट्रॉन विरुद्ध बाजूला, मग बेरीज शून्यच ना? आमच्या वेळच्या इंटर सायन्सवर विचारतोय, हसू नका.

नेव्हीनगर

काका, प्रश्न अगदी रास्त आहे. एक डावीकडे गेला आणि एक उजवीकडे म्हणून दोघं सरळ येत नाहीत, दोघंही आपल्या रोखापासून ढळतात. त्यामुळे एका ठिपक्यातून येणारा उजेड दोन्ही बाजूंना पसरतो आणि ब्लेझारभोवती एक फिकट प्रभामंडळ तयार व्हायला हवं. वळण किती तर बघा, क्षेत्र १० चा उणे १६ वा घात गॉस आणि इलेक्ट्रॉन ५ टीईव्हीचा धरला तर तो आपली ऊर्जा संपवेपर्यंत जेमतेम दोन-अडीच लाख प्रकाशवर्षं जातो आणि तेवढ्यात त्याची दिशा अंशाच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी बदलते. अर्ध्या टीईव्हीचा असेल तर मात्र सात-आठ अंश. म्हणून कमी ऊर्जेचा उजेड आधी गायब होतो आणि जास्त ऊर्जेचा टिकतो, वर्णपटाचा हा उतार सगळ्यात महत्त्वाचा, नुसतं 'दिसलं नाही' एवढंच नाहीये.

(याच क्षेत्रात थोडं काम केलंय, आता दुसरीकडे आहे, त्यामुळे जेवढं येतं तेवढं सांगतो.)

सरळमार्गी

मला एक कळत नाही. दिसलं नाही म्हणून आहे, हा कुठला पुरावा? उद्या कोणी म्हणेल माझ्या घरात सोनं दिसत नाही म्हणजे ते लॉकरमध्ये आहे. सुट्टे कमी पडले तर सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे नोट मुळात मोडलीच नाही, किंवा मोडणाऱ्याने मधे हात मारला. थेट चुंबकीय क्षेत्रावर उडी का?

शेवटची_कर्जत

आले आले सरळमार्गी आले, आता धागा शंभरी गाठणार

अव्या_चेंबूर

@सरळमार्गी, नोट मोडलीच नाही हे धरवत नाही कारण ती मोडलेली दिसते. म्हणजे असं की टीईव्हीचे फोटॉन जेवढे जास्त ऊर्जेचे तेवढे लांबच्या ब्लेझारमधून कमी येतात, इन्फ्रारेडच्या हिशोबाने जेवढे कमी यायला हवेत साधारण तेवढेच, हे बऱ्याच ब्लेझारांवर तपासून झालंय. आणि टीईव्ही-टीईव्ही करतोय ते इथे जमिनीवरून मोजलेलं आहे, नामिबियातल्या एच.ई.एस.एस. दुर्बिणींनी या वन-ईएस वाल्याकडे २००५-०६ मध्येच बघितलं होतं. मधे हात मारणारा कोण याबद्दल नेव्हीनगर यांनीच बोलावं, माझी तिथे तंतरते.

नेव्हीनगर

सरळमार्गी, तुमची शंका फालतू नाही, याच शंकेवर दहा-पंधरा वर्षं पेपर पडतायत. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची खिचडी होते.

पहिली म्हणजे वेळ. वळून आलेला प्रकाश लांबच्या वाटेने येतो म्हणून उशिरा पोचतो. प्लागा याने १९९५ मध्ये 'नेचर' मध्ये मुळात हीच कल्पना मांडली होती की उशीर मोजा आणि क्षेत्र काढा. पण हा उशीर किती असतो? क्षेत्र १० चा उणे १६ वा घात असेल तर ८० जीईव्हीच्या फोटॉनला शेकडो वर्षं, १ जीईव्हीच्याला लाखो वर्षं आणि त्याहूनही जास्त. आता मला सांगा, हा ब्लेझार आपण टीईव्हीत बघतोय कधीपासून, तर वीसेक वर्षं. त्याआधी तो पेटलेला होता का विझलेला, कोणालाच माहीत नाही. जर तो गेल्या काही वर्षांतच पेटला असेल तर जीईव्हीचा प्रकाश अजून वाटेतच आहे आणि तो न दिसण्यासाठी क्षेत्र फार असायची गरजच नाही, अगदी किरकोळ वळणही पुरतं. डर्मर आणि मंडळींनी २०११ मध्ये हेच दाखवलं, फक्त आपण प्रत्यक्ष बघितलेली वर्षंच जमेस धरली तर खालची मर्यादा १० चा उणे १८ वा घात एवढ्यावर घसरते. शंभर पटींचा फरक, तोही फक्त एका गृहीतकाने.

त्यामुळे कोणी आकडा फेकला की पहिला प्रश्न हा विचारायचा की ब्लेझार किती वर्षं पेटलेला धरलाय. २०२३ मध्ये एच.ई.एस.एस. आणि फर्मीने मिळून जो आकडा दिला तो ७.१ गुणिले १० चा उणे १६ वा घात, पण त्यात १० वर्षं धरलीत आणि क्षेत्राची दिशा साधारण ३३ लाख प्रकाशवर्षं बदलत नाही असं मानलंय. तेच एक कोटी वर्षं धरलीत तर मर्यादा पन्नासेक पट वर जाते. त्याच वर्षी मॅजिक वाल्यांनी (कॅनरी बेटांवरच्या दोन दुर्बिणी) उलट बाजूने हिशोब केला, ब्लेझारची चमक वर्षानुवर्षं कशी कमीजास्त होते ते बघितलं आणि त्या चढउताराच्या मागोमाग जीईव्हीत काही येतंय का ते शोधलं, त्यांची मर्यादा १.८ गुणिले १० चा उणे १७ वा घात. मला स्वतःला हा शेवटचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, आकडा छोटा आहे पण जे डोळ्यासमोर घडलं तेवढ्यावरच उभा आहे.

दुसरी गोष्ट तुमचा 'मधे हात मारणारा'. ती जेवल्यावर लिहितो.

गिरगावकर_काका

वा! जेवून या. इथे तोंडली भात आहे, आमचंही होतंय.

कुलाबा_दांडी

जेवणाच्या सुट्टीत थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. चुंबकीय क्षेत्र मोजायचं म्हणजे आजूबाजूची गडबड आधी वजा करावी लागते याचं सगळ्यात भारी उदाहरण मुंबईतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ चं ते प्रसिद्ध सौर वादळ आलं ना, ज्याला कॅरिंग्टनचं वादळ म्हणतात, त्याची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे लोक वापरतात, क्षेत्र १६०० नॅनोटेस्लाच्या आसपास खाली आलं होतं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं आणि नानाभाई मूस, जे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक, त्यांच्या लक्षात आलं की ट्रामच्या विजेने इथली मोजणी खलास होणार. तर त्यांनी चुंबकीय वेधशाळा उचलून अलिबागला नेली, १९०४ मध्ये, लोखंड न वापरता बांधलेल्या इमारतीत. ट्राम आली १९०७ ला. दोन्हीकडे काही काळ एकदम नोंदी घेतल्या म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. अजूनही अलिबागला मोजणी चालू आहे, पनवेलची भूचुंबकत्व संस्था बघते.

शेवटची_कर्जत

हे माहीतच नव्हतं! अलिबागला दहा वेळा गेलो असेन, किल्ला बघितला, मासे खाल्ले, हे कोणी सांगितलंच नाही. आणि आता तर कफ परेडपर्यंत जमिनीखालून मेट्रो आलीये, मूस साहेबांनी बरं केलं आधीच गाशा गुंडाळला.

मीनल_ठाणे

मुलांना सांगायला मस्त. म्हणजे कुलाब्याला ट्रामचं क्षेत्र वजा करता आलं नाही म्हणून गाव बदललं, आणि या पोकळीतल्या क्षेत्रासाठी गाव बदलायची सोयच नाही.

सरळमार्गी

किस्सा चांगला आहे पण मूस यांच्याकडे उपकरण होतं, सुई होती, ती हलत होती. इथे सुईच नाही. जेवून झालं असेल तर हात मारणाऱ्याबद्दल लिहा.

नेव्हीनगर

झालं जेवून. तर २०१२ मध्ये ब्रॉडरिक, चँग आणि फ्रोमर यांनी म्हटलं की पोकळी पूर्ण रिकामी नाहीये, विरळ का होईना प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा वायू, आहे. त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा अरुंद झोत जाताना प्लाझ्मात लाटा उठतात, त्या वाढत जातात आणि झोताची ऊर्जा त्या लाटांमध्ये जाते म्हणजे शेवटी वायू तापतो. असं झालं तर सीएमबीच्या फोटॉनना टोले मारायला जोडीकडे ऊर्जाच उरत नाही, जीईव्हीचा प्रकाश तयारच होत नाही आणि चुंबकीय क्षेत्राची काही गरज नाही. सगळी खालची मर्यादा एका फटक्यात साफ! तुमच्या भाषेत सुट्टे सांडले नाहीत, मधल्यामधे कोणीतरी खाल्ले.

हे म्हणणं खोडणं सोपं नव्हतं कारण झोत इतका विरळ आणि ऊर्जा इतकी जास्त की कॉम्प्युटरवर जशाच्या तशा परिस्थितीत चालवताच येत नाही, ताणून ताणून अंदाज करावे लागतात. कोणी म्हणे अस्थिरता लगेच वाढते, कोणी म्हणे झोतातल्या कणांच्या दिशा किंचित जरी फाकल्या तरी ती मरते. वर्षानुवर्षं हे असंच.

आता गंमत बघा, जिनिव्हाला सर्नमध्ये लोकांनी हे प्रयोगशाळेत करून बघितलं. तिथल्या एसपीएस यंत्राचे ४४० जीईव्हीचे प्रोटॉन लक्ष्यावर आदळवून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा दाट झोत तयार केला आणि तो एक मीटर लांबीच्या प्लाझ्मातून सोडला. ऑक्सफर्डच्या लोकांच्या पुढाकाराने झालेलं काम आहे, २०२५ मध्ये छापून आलं. अपेक्षा होती की झोत विस्कटेल आणि चुंबकीय क्षेत्रं उगवतील, पण झोत जवळजवळ जसाच्या तसा अरुंद राहिला. म्हणजे हात मारणारा असला तरी फार दुबळा दिसतोय. आणि मग हरवलेल्या प्रकाशाचं कारण म्हणून चुंबकीय क्षेत्राची बाजू वरचढ होते.

सरळमार्गी

एक मीटर. आणि तिकडे लाखो प्रकाशवर्षं. मी कॉन्ट्रॅक्टर असतो तर एक मीटरच्या नमुन्यावर कोस्टल रोड पास केला असता का?

नेव्हीनगर

बरोबर आहे हो, म्हणूनच 'दिसतोय' म्हटलं. पण प्लाझ्मात अंतर मीटरमध्ये मोजत नाहीत, प्लाझ्माच्या स्वतःच्या लाटांच्या लांबीत मोजतात, आणि प्रयोगातला प्लाझ्मा पोकळीतल्यापेक्षा अफाट दाट होता त्यामुळे त्याच्या लाटा पण तितक्याच आखूड. म्हणून एक मीटर दिसतं तितकं क्षुल्लक नाही. तरी माझं मत विचाराल तर हा वाद संपलेला नाही, फक्त आता ओझं दुसऱ्या बाजूवर आहे.

अव्या_चेंबूर

मस्त. मला जे विचारायचं होतं ते आता विचारतो. समजा क्षेत्र आहे. मग ते आलं कुठून? मी वाचलं त्यात दोन तट दिसतात. एका तटाचं म्हणणं दीर्घिकांमधून वारे सुटतात, कृष्णविवरांचे झोत बाहेर पडतात, त्यांनी आतलं क्षेत्र बाहेर नेऊन शिंपडलं. दुसरा म्हणतो हे विश्वाच्या जन्मापासून आहे, अगदी पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात. दुसऱ्याच्या बाजूने मुद्दा असा की पोकळ्या एवढ्या अवाढव्य आहेत की त्यांच्या मधोमध वारे पोचणं अवघड, आणि गॅमा किरणांच्या मर्यादेचा अर्थ लावला तर वाटेचा बराच मोठा भाग क्षेत्राने भरलेला असावा लागतो, नुसते इकडेतिकडे ठिपके चालत नाहीत.

नेव्हीनगर

हो, आणि इथे आपल्या लोकांची नावं येतात. तन्मय वाचस्पती यांनी १९९१ मध्ये दाखवलं की विश्व थंड होताना जो विद्युत-दुर्बल टप्प्याचा बदल झाला (आधी एकच असलेलं बल विद्युतचुंबकीय आणि दुर्बल अशा दोन बलांत वेगळं झालं) त्यात चुंबकीय क्षेत्र आपोआप जन्माला येऊ शकतं. आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत काम केलेले कंदस्वामी सुब्रमण्यन, त्यांचा आणि ब्रँडेनबर्ग यांचा २००५ चा आढावा लेख या विषयात शिरणारा प्रत्येक जण वाचतो, त्यात मुख्य प्रश्न हा की दीर्घिकेतला डायनॅमो, म्हणजे फिरणाऱ्या, घुसळणाऱ्या वायूची हालचाल, बारीकसं क्षेत्र फुगवून मोठं करू शकतो पण फुगवायला सुरुवातीला काहीतरी बीज पाहिजे. ते बीज कुठलं? पोकळीत आजही जे शिल्लक आहे ते म्हणजे न फुगवलेलं, हात न लागलेलं बीज, म्हणून ह्या पोकळीला एवढा भाव.

अजून एक, २०२० मध्ये येडामझिक आणि पोगोसियन यांनी म्हटलं की सुरुवातीपासून क्षेत्र असेल तर पहिल्या अणूंच्या काळात पदार्थ थोडा गुठळ्या होऊन बसला असेल, त्याने अणू बनायची वेळ आधी येते आणि विश्वाच्या प्रसरणाच्या वेगाचे दोन मोजणीचे आकडे जे जुळत नाहीत त्यातला फरक थोडा कमी होतो. कल्पना देखणी आहे. मला मात्र एका अडलेल्या प्रश्नाने दुसरा अडलेला प्रश्न सोडवायचा म्हटलं की जरा धाकधूक वाटते, हे माझं वैयक्तिक मत.

मीनल_ठाणे

त्या प्रभामंडळाचं काय झालं? वर म्हणालात ब्लेझारभोवती फिकट उजेड दिसायला हवा. कोणी फोटो काढलाय का?

नेव्हीनगर

ताई, २०१० मध्येच आंदो आणि कुसेन्को यांनी फर्मीच्या माहितीत अनेक ब्लेझार एकावर एक रचून प्रभामंडळ दिसल्याचं जाहीर केलं होतं. पण नेरोनोव्ह आणि इतरांनी तीच पद्धत क्रॅब तेजोमेघावर (आपल्याच आकाशगंगेतला, जिथे असं प्रभामंडळ असायचं कारणच नाही) लावली तर तिथेही तसाच पसारा निघाला, म्हणजे तो उपकरणाचाच धूसरपणा होता. २०१५ मध्ये अजून एका गटाने खूण सापडल्याचं म्हटलं पण पक्कं असं अजून काही नाही. फर्मीला १ जीईव्हीला एक अंशाच्या जरा आतपर्यंतच नीट दिसतं, त्यात फिकट प्रभामंडळ शोधायचं म्हणजे अवघडच. आता कॅनरी बेटं आणि चिली अशा दोन ठिकाणी सीटीएओ ही गॅमा दुर्बिणींची नवी वेधशाळा उभी राहतेय, तिच्याकडे सगळ्यांचे डोळे आहेत.

शेवटची_कर्जत

तो २०२२ चा मोठा स्फोट, ज्याची बातमी सगळीकडे होती, त्यातून काही निघालं नाही का? ब्लेझार कधी पेटला माहीत नाही म्हणताय, तर स्फोट तरी कधी झाला ते सेकंदापर्यंत माहीत असतं ना!

अव्या_चेंबूर

अरे कर्जतवाले, तू तर म्हणत होतास डोक्यावरून गेलं!

नेव्हीनगर

शंभर नंबरी प्रश्न. ९ ऑक्टोबर २०२२ चा गॅमा स्फोट, जीआरबी २२१००९ए. चीनच्या लासो वेधशाळेने पहिल्या तीन हजार सेकंदांत ६४ हजारांहून जास्त फोटॉन पकडले, त्यातले काही १० टीईव्हीच्याही वर. स्फोटाची वेळ पक्की, त्यामुळे 'किती वर्षं पेटला' ही कटकटच नाही, आता फक्त मागून जीईव्हीचा पडसाद येतोय का ते बघायचं. फर्मीला सव्वानऊ तासांच्या आसपास जवळपास ४०० जीईव्हीचा एक फोटॉन मिळाला आणि काहींनी तो पडसादच आहे असं धरून क्षेत्र काढलं. पण एका फोटॉनवर किती भार टाकायचा! तो स्फोटाच्या उरलेल्या चमकेतूनही आलेला असू शकतो. स्फोटाची अडचण वेगळी आहे, तो क्षणभर चमकतो त्यामुळे पडसाद जर वर्षानुवर्षांत पसरला तर दर दिवसाच्या वाट्याला काहीच येत नाही, म्हणून स्फोटातून फक्त फार दुबळी क्षेत्रंच तपासता येतात. जानेवारी २०१९ चा जीआरबी १९०११४सी, जो मॅजिकने पकडला, त्याच्याबाबतही हेच झालं.

गिरगावकर_काका

आणि आपली ती लडाखची दुर्बीण? अव्याने सुरुवातीला नाव घेतलं आणि सोडून दिलं. त्याला करता येईल का यात काही?

अव्या_चेंबूर

काका, मेस २१ मीटर व्यासाची आहे, साधारण ४३०० मीटर उंचीवर, या जातीच्या दुर्बिणींमध्ये जगात सगळ्यात उंच जागी. आरशाचे १४२४ तुकडे आणि कॅमेऱ्यात १०८८ नळ्या ज्या गॅमा फोटॉन हवेत आदळल्यावर होणारा क्षणिक निळसर झगमगाट टिपतात. बीएआरसी आणि हैदराबादची ईसीआयएल यांनी बांधली. तिच्याच शेजारी टीआयएफआर आणि इतरांची हगार आहे, सात दुर्बिणींची, ती आधीपासून. बाकी नेव्हीनगर.

नेव्हीनगर

अगदी सरळ सांगतो. मेस एकटी आहे, एच.ई.एस.एस. सारख्या चार-पाच एकत्र बघतात तेव्हा दिशा जास्त नेमकी कळते, त्यामुळे प्रभामंडळ मेसने शोधावं अशी अपेक्षा ठेवू नये. पण वर आपण ज्यावर अडलो ते काय होतं, तर ब्लेझार किती काळ आणि कसा पेटलेला असतो. त्यासाठी वर्षानुवर्षं त्याच त्या ब्लेझारकडे बघत बसावं लागतं आणि हे काम मोठ्या आंतरराष्ट्रीय दुर्बिणींवर मिळणं कठीण, तिथे वेळेसाठी रांग लागते. आपली दुर्बीण आपल्या मर्जीची. आणि वन-ईएस ०२२९+२०० खगोलीय विषुववृत्ताच्या २० अंश उत्तरेला आहे, हानले जवळपास ३३ अंशांवर, म्हणजे तो तिथे माथ्यापासून फक्त १२-१३ अंशांवरून जातो, एवढी चांगली जागा नामिबियाला नाही. बातमीत मथळा येणार नाही असलं काम आहे, पण मला विचाराल तर या विषयात सगळ्यात जास्त कमी याचीच आहे.

मीनल_ठाणे

२० अंश म्हणजे मुंबईत तर जवळजवळ डोक्यावरूनच जात असेल की! ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेष मध्यरात्री वर असते. गच्चीवरून मुलांना दाखवता येईल?

नेव्हीनगर

जातो डोक्यावरून, पण दिसणार नाही ताई, फारच मंद आहे, तुमच्या शाळेच्या दुर्बिणीतूनही नाही. मेषेतला हमल दाखवा आणि तिथून थोडं पूर्वेला बोट करा, बाकी मुलांवर सोडा.

सरळमार्गी

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. माझं असं मत झालंय की क्षेत्र असावं, पण १० चा उणे १६ वा मी मानत नाही, तो ब्लेझार सगळी वर्षं सारखा पेटलेला नसला तर काय, ह्याचं उत्तर कोणी दिलं नाही. मी उणे १८ वर सही करतो. उणे १७ वाले मॅजिक मला पटतायत पण त्यांचा पेपर आधी स्वतः वाचणार, मग बघू.

नेव्हीनगर

उणे १८ वर सही केलीत तरी २०१० च्या आधीच्या शून्यापेक्षा पुष्कळ झालं. आणि मॅजिकचा पेपर वाचताना त्यातला चमकेच्या चढउताराचा आलेख आधी बघा, मजकूर नंतर. तिथे काही खटकलं तर इथेच लिहा.

शेवटची_कर्जत

म्हणजे धागा चालू राहणार. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.